वारीत पायी चालताना पावसासाठी काय न्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. पहिल्यांदा वारीला निघालेले बहुतेक जण आधी रेनकोटाबद्दलच विचारतात. गेली काही वर्षं मी माउलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर चालतो आहे, आणि एकदा तुकोबांच्या पालखीसोबत देहूहून गेलो आहे. लोकांनी विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो.

वारीत पाऊस लागतोच का? किती लागतो?

दर वर्षी वेगळा लागतो, कारण वारी तिथीनं निघते आणि पाऊस तिथी पाळत नाही. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यानं ती थेट २५ जुलैला गेली. म्हणजे प्रस्थान एखाद्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतं, तर एखाद्या वर्षी जुलै उजाडल्यावर. २०२३ ला पालखी ११ जूनला आळंदीहून निघाली तेव्हा मोसमी पाऊस कोकणात येऊन अडकला होता. पुणे आणि दिवे घाट आम्ही रणरणत्या उन्हात चाललो. २०२५ ला उलट झालं. पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता. म्हणून आधी पंचांग बघा, मग हवामान खात्याचा अंदाज बघा आणि त्यानंतर खरेदीला जा.

दुसरी गोष्ट वाटेची. सुमारे २५० किलोमीटरची ही वाट सह्याद्रीपासून लांब लांब जाते. आळंदी, पुणे, दिवे घाट, सासवड, जेजुरी इथपर्यंत पावसाची शक्यता जास्त. नीरा ओलांडून लोणंद, फलटणकडे गेलात की पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर या बाजूला कधी दिवसभर थेंब पडत नाही, आणि पडला तर संध्याकाळी ढग दाटून तासाभरात झोडपून जातो. पहिले सहा-सात दिवस भिजायची तयारी हवी आणि पुढचे दिवस उन्हाची. एकच भारी जाकीट घेऊन निघालेला माणूस अर्धी वाट ते नुसतं वाहून नेतो.

रेनकोट घ्यावा, पाँचो घ्यावा की साधा प्लॅस्टिकचा कागद?

माझं मत सरळ आहे. एकच वस्तू घ्यायची तर पाँचो घ्या, म्हणजे डोक्यातून घालायची, टोपी असलेली, दोन्ही बाजूंनी मोकळी खोळ. तो पाठीवरच्या पिशवीवरूनही बसतो, त्यामुळे माणूस आणि सामान दोन्ही झाकलं जातं. बाजू मोकळ्या असल्यानं वारा आत खेळतो. सर येते, जाते, पुन्हा येते, आणि दर वेळी रांगेतून बाहेर पडून बाह्या घालत बसावं लागत नाही. कोरड्या वेळी तो जमिनीवर अंथरून बसताही येतं. अंगावर घेतल्यावर मागची कड पिशवीवरून गुडघ्याच्या मागे पोचेल एवढी लांबी असावी. बाजूला बटणं असतील तर चांगलं, नाहीतर दिवे घाटाच्या माथ्यावरचा वारा पाँचोचं शीड करून टाकतो. बटणं नसतील तर कमरेला एक सुतळी बांधा.

बाह्यांचा रेनकोट आणि त्याखालची पँट दुचाकीसाठी चांगली. पायी चालताना ती पँट मांड्यांना घासते आणि आत घामाची वाफ कोंडते. दोन तासांत तुम्ही पावसानं नव्हे, घामानं चिंब होता.

प्लॅस्टिकच्या कागदाला कमी लेखू नका. हजारो वारकरी वर्षानुवर्षं त्यावरच पंढरी गाठतात. आमच्या दिंडीत मराठवाड्यातल्या एक आजी आहेत. त्या खताच्या पोत्याच्या आतली जाड पिशवी आणतात. पिशवीचा तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत दाबतात की डोक्यावर बसणारी टोकदार टोपी तयार होते, आणि उरलेली पिशवी पाठीवर सुटते. शेतात पोत्याची खोळ करतात ना, तीच पद्धत. पुढून त्या थोड्या भिजतात, पण डोकं, पाठ आणि काखेतलं गाठोडं कोरडं राहतं. रात्री तीच पिशवी पथारीखाली जाते. वजन जवळजवळ नाहीच.

मात्र रस्त्यावर मिळणारे अगदी पातळ, वापरून फेकायचे रेनकोट घेऊ नका. घाट चढेपर्यंत ते काखेत फाटतात. दुसऱ्या दिवशी पालखी पुढे गेल्यावर त्या चिंध्या रस्त्याकडेला चिखलात पडलेल्या दिसतात आणि गुरं त्या चघळतात. ज्या गावानं आपल्याला जेवू घातलं, त्याच्या गोठ्यात आपलं प्लॅस्टिक जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

छत्री चालेल का?

दिंडीच्या रांगेत नको. पावल्या सुरू होतात, हात वर जातात, माणसं एकमेकांना खेटून उभी असतात. छत्रीची काडी नेमकी शेजारच्याच्या डोळ्यापाशी येते. पण पिशवीत एक छोटी घडीची छत्री असू द्या. मुक्कामाच्या गावात रात्री बाहेर जाताना ती लागते, आणि फलटणच्या पुढे उन्हासाठी तर फारच. रस्ता चौपदरी झाल्यापासून वाटेवरची जुन्या झाडांची सावली बरीच कमी झाली आहे.

घामाची वाफ बाहेर टाकणारं महाग जाकीट घ्यावं का?

पहिल्या वारीला मी घेतलं होतं, म्हणून हे अनुभवानं सांगतो. त्या कापडाची सूक्ष्म छिद्रं थेंब अडवतात आणि वाफ बाहेर जाऊ देतात, हे खरं आहे. पण वाफ जास्त दमटपणाकडून कमी दमटपणाकडे जाते. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत हे उत्तम चालतं. आषाढात सासवडच्या वाटेवर बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असते. वाफेनं जायचं कुठे? त्यात वरच्या थरावरचं पाणी झटकणारं लेपण झिजलं की कापड बाहेरून ओलं होतं, आणि मग आतून काहीच निसटत नाही.

त्या पहिल्या वारीत पुण्याहून निघालो, हडपसरपासून पाऊस सुरू झाला तो सासवडपर्यंत. हा वारीतला सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक, तीस किलोमीटरच्या आसपास. जाकीट गळलं नाही. पण संध्याकाळी काढलं तेव्हा आतला सदरा पिळून काढावा लागला, आणि माझ्या शेजारी प्लॅस्टिकचा कागद पांघरून आलेले काका माझ्यापेक्षा कोरडे होते.

असं जाकीट घरात आधीच असेल तर जरूर आणा, काखेखालच्या चेन उघड्या ठेवा. फक्त वारीसाठी मुद्दाम विकत घेऊ नका.

मी परदेशातून वारीला येतोय. तिकडचं जाकीट आणू का?

थंडीतल्या पावसासाठी शिवलेलं असेल तर ठेवून या. इथे पाऊस उबदार असतो. पुण्यात उतरून पाँचो घ्या.

दुकानात काय तपासायचं?

आधी उलटा करून शिवणी बघा. कापड कितीही चांगलं असलं तरी पाणी शिवणीच्या भोकांतून शिरतं. आतून शिवणीवर पारदर्शक पट्टी सलग चिकटवलेली हवी, विशेषतः खांद्यावर आणि टोपीच्या बुडाशी. मग टोपी घाला आणि मान दोन्हीकडे वळवा. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे. नाहीतर मान फिरवली की डोळ्यांसमोर कापड येतं, आणि वारीत मागून येणारी गाडी, घोडा, टँकर दिसणं फार गरजेचं असतं. रंग भडक घ्या: पिवळा, केशरी. पहाटे अंधारात चालताना तो उपयोगी पडतो.

लेबलवर ३,०००, ५,०००, १०,००० मिलिमीटर असे आकडे असतात. कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं, असा त्याचा अर्थ. नुसत्या पावसाला छोटा आकडाही पुरतो, पण पिशवीचे पट्टे खांद्यावर दाबतात तिथे पाणी आत ढकललं जातं. पाँचो पिशवीच्या वरून येत असल्यानं हा प्रश्न उरत नाही. म्हणूनही मी पाँचोच सांगतो.

घरी आणल्यावर तो अंगावर घालून बाथरूममध्ये दहा मिनिटं डोक्यावरून पाणी ओतून घ्या. गळतो की नाही ते आळंदीला कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

पाठपिशवीला रेनकव्हर आहे. ते पुरेल ना?

नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. कव्हर पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बसतं. आपल्या पाठीला टेकलेली बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळणारं पाणी पाठीवरून थेट पिशवीत झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. त्याच पहिल्या वारीत सासवडला मी पिशवी उघडली, तेव्हा खालचे दोन सदरे, टॉवेल आणि पांघरायची चादर पाण्यात बसलेली होती. मला हुडहुडी भरली. शेवटी विणेकरी बाबांनी त्यांची घोंगडी माझ्यावर टाकली.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: पाऊस अंगावर घ्यायचा, पिशवीत नाही. पिशवीच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात भरा, हवा काढून तोंडाला पीळ द्या, दुमडा आणि रबरानं बांधा. रात्रीचा एक जोड, सुती बनियन आणि मोजे वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा. हा जोड फक्त मुक्कामाला घालायचा. सकाळी कितीही जिवावर आलं तरी कालचेच दमट कपडे चढवून निघा. अंगाच्या उबेनं ते वाटेत वाळतात. दिवसा भिजलो तरी चालतं, रात्र मात्र कोरडी गेली पाहिजे. सगळ्या तयारीचा भर मी त्यावरच ठेवतो.

दिंडीच्या ट्रकमधलं सामान भिजतं का?

ट्रकवर ताडपत्री असते, तरी वळकट्या चढवता-उतरवताना भिजतात, आणि सगळ्यांत खालची वळकटी ओल्या फळीवर असते. वळकटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोरीनं बांधा आणि बाहेर ठळक नाव लिहा.

तंबूत झोपताना खाली ताडपत्री, त्यावर सतरंजी. ताडपत्रीची कड तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर वरून ओघळलेलं पाणी तिच्यावरून आत येतं. तंबू उताराच्या तळाशी असेल तर भोवती वीतभर चर खणून घ्या. माळशिरस भागात काळी माती आहे. ती भिजली की चपलेला शेर-शेर चिखल लागतो, म्हणून तंबूच्या दाराशी एक पोतं टाकून ठेवा.

घोंगडी न्यावी का?

ट्रकमध्ये जागा असेल तर न्या. लोकर ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. सुती चादर ओली झाली की ऊब काढून घेते. नव्या घोंगडीला चिंचोक्यांची खळ असते, त्यानं ती ताठ राहते आणि रिमझिम वरच्यावर झटकता येते. पण मुसळधार पावसात चालताना ती पांघरू नका. पाणी प्यायलेल्या घोंगडीचं ओझं खांदे मोडतं.

साडीत चालणाऱ्या बायकांनी काय करावं?

आमच्या दिंडीतल्या बायकांनी सांगितलेलंच इथे देतो. सुती साडी भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही, त्यामुळे चालायला हलकी सिंथेटिक साडी बरी. नऊवारी घोट्याच्या वर नेसा. पाचवारीचा काठ पिंडऱ्यांना घासून कातडी सोलते, म्हणून दोन्ही बाजूंनी वर खोचून घ्या. मांड्या घासू नयेत म्हणून आतून गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घाला आणि सकाळी निघताना खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. (हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे, ते सांगायला लाजतात एवढंच.) साडीवर पाँचोच नीट बसतो. पाळीसाठीचं सामान वेगळ्या, चेन असलेल्या पिशवीत कोरडं ठेवा.

डोक्यावर तुळस असेल तर टोपीचा रेनकोट निरुपयोगी. त्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवतात आणि प्लॅस्टिकचा कागद खांद्यांवरून घेऊन गळ्याशी गाठ मारतात. डोकं भिजतं. मुक्कामाला पोचल्याबरोबर ते कोरडं करणं महत्त्वाचं.

मृदंग आणि टाळ पावसात कसे सांभाळायचे?

मृदंगाला पाऊस सोसत नाही. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, ओली झाली की सैल पडते, सूर उतरतो आणि तिच्यावरच्या शाईचे, म्हणजे काळ्या लेपाचे, पोपडे सुटतात. शिवून घेतलेली जलरोधक खोळ हवीच. ती झटकन निघेल आणि झटकन चढेल अशी असावी, कारण सर सांगून येत नाही. भिजलाच तर कोरड्या फडक्यानं टिपा आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलात तर कातडं आखडून फाटतं. धुमेची, म्हणजे डाव्या बाजूची, कणीक पाऊस थांबल्यावर नव्यानं लावावी.

टाळाला पाण्यानं काही होत नाही, पण टाळाची ओली दोरी बोटांना कापते. बोटांना चिकटपट्टी लावा.

चप्पल, सँडल की बूट?

बूट पावसात वाईट. पाणी वरून शिरतं, बाहेर जात नाही, आणि रात्रभरात बूट वाळत नाहीत. जलरोधक बुटांचंही तेच होतं, पाणी घोट्यावरून आत येतं आणि तिथेच राहतं. रबरी चप्पल चिखलात सटकते, अंगठ्याच्या बेचक्यात कापते आणि चालताना पाठीवर शिंतोडे उडवते. मागे पट्टा असलेली, खोल खाचांच्या तळाची सँडल सगळ्यांत बरी: पाणी आलं तसं जातं. वारीच्या आधी महिनाभर तिच्यावर रोज चाला, निदान चार-पाच वेळा मुद्दाम भिजवून. ओल्या कातडीला पट्टा वेगळ्याच जागी घासतो, आणि ते कोरडं चालून कळत नाही. रात्रीसाठी एक हलकी चप्पल ट्रकमध्ये ठेवा.

अनवाणी चालणाऱ्यांच्या निष्ठेपुढे मी काय बोलणार? एवढंच सांगतो की ओली कातडी मऊ पडते, खडी लवकर शिरते. संध्याकाळी तळवे उजेडात नीट बघा.

पायाला चिखल्या होतात. काय करावं?

पाय दिवसभर ओले राहिले की बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, फाटते आणि तिथे बुरशी धरते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये तर हमखास. मुक्कामाला पोचलात की पाणी, जेवण, गप्पा यांच्या आधी पाय धुवा. बोट बोट वेगळं करून पुसा, नुसतं पायावरून फडकं फिरवू नका. अर्धा तास पाय उघडे ठेवा, मग बुरशी मारणारी पावडर टाका आणि कोरडे मोजे घालून झोपा. सकाळी निघण्याआधी तळव्यांना आणि बेचक्यांत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, पाणी लवकर मुरत नाही.

फोड आला तर वरची कातडी काढू नका. मधुमेह असेल तर रोज रात्री दुसऱ्याकडून तळवे तपासून घ्या. जखम झालेली कळतच नाही, हा त्या आजाराचा धोका. आणि पायाला जखम असताना साचलेल्या घाण पाण्यातून जायला लागलं तर पाय लगेच साबणानं धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना हे आठवणीनं सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) शंका त्यांना यायला हवी. वाटेवर जागोजागी वैद्यकीय पथकं असतात, तिथे जायला संकोच करू नका.

आईचं वय सत्तर आहे. ती भिजली तर?

चालत असेपर्यंत अंग गरम असतं. धोका थांबल्यावर असतो. विसाव्याला बसल्याबरोबर पाठीवर कोरडं काहीतरी टाका, कानाला फडकं बांधा, गरम चहा किंवा पाणी द्या. थरथर थांबत नसेल, बोलणं अडखळत असेल, तर पुढे चालवू नका. ओले कपडे बदला, कोरड्यात गुंडाळा आणि वैद्यकीय पथकाकडे न्या.

विजा चमकायला लागल्या तर?

जूनमधल्या वळवात हे होतंच. एकट्या झाडाखाली उभं राहू नका, कितीही मोह झाला तरी. छत्री मिटा, पताकेची काठी आडवी धरा. पक्की इमारत, शाळा किंवा बंद गाडी जवळ असेल तर तिथे जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर घेऊन ठेवा. आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं.

मोबाईल, पैसे, औषधं?

चेनच्या दोन पिशव्या, एकात एक. औषधांच्या पट्ट्या कात्रीनं कापू नका, नाव आणि मुदत राहू द्या. मोबाईल भिजला असेल तर चार्जिंगला लावण्याची घाई करू नका, आधी पूर्ण वाळू द्या.

वारीनंतर पाँचोचं काय करायचं?

पंढरपूरहून परतलात की त्याच दिवशी साध्या पाण्यानं धुवा, साबणाचा फेस नको. सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवा. घडी न करता सैल गुंडाळी करा, घडीवरच लेपण तडकतं. शिवणीवरची पट्टी कुठे सुटली असेल तर आत्ताच नवी चिकटवून घ्या. मी तर आतल्या बाजूला थोडी पावडर भुरभुरतो आणि टाळांच्या शेजारी खुंटीला टांगून ठेवतो.